रक्ताची उलटी एकदाच झाली आणि थांबली, तर तो मधला वेळ कसा वापरायचा

मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत नर्स म्हणून काम केलंय आणि एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुणी बोललं की पोटात गोळाच येतो. "सिस्टर, काल रात्री उलटीतून रक्त पडलं होतं, पण आता एकदम ठीक आहेत, चहा-बिस्कीट पण खाल्लं." बहुतेक वेळा कारण अल्सर असतं किंवा लिव्हरच्या आजाराने फुगलेल्या नसा असतात, आणि तेही काही किरकोळ नाहीच. पण त्यातल्या अगदी थोड्या लोकांमध्ये रक्त जठरातून आलेलं नसतं, ते थेट मोठ्या धमनीतून अन्ननलिकेत उतरलेलं असतं, आणि मधे जे "एकदम ठीक" वाटतं तो या आजाराचाच एक टप्पा असतो.

लोक इथेच चुकतात. रक्त थांबलं म्हणून झोपू देतात, सकाळी ओपीडीला नेतात, ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी येतात. म्हणून कशानंतर काय करायचं ते मी क्रमाने लिहिते. घरच्यांनी काय करायचं ते आधी, मग हॉस्पिटलमध्ये काय विचारायचं ते.

हे नेमकं होतं काय, थोडक्यात

अन्ननलिका छातीतून खाली उतरते तेव्हा एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी महाधमनी, तिला अगदी खेटून असते. जठर-आतड्यांना बाहेरून जसं एक चिवट आवरण असतं तसं अन्ननलिकेला नसतं. त्यामुळे काट्याने भोक पडलं, बटन सेलने भाजलं, कॅन्सरने पोखरलं किंवा फुगलेल्या एओर्टाने दाबून दाबून भिंत कुजवली, की दोघींच्या मधे वाट तयार होऊ शकते. याला फिस्टुला म्हणतात.

पहिला रक्तस्राव बहुतेकदा छोटा असतो. बीपी खाली येतं, धमनी आकसते, भोकावर गुठळी बसते आणि रक्त थांबतं. ही गुठळी म्हणजे फुटलेल्या पाइपात कोंबलेला बोळा समजा. बीपी चढलं, जोरात खोकला आला, पुन्हा उमाळा आला की बोळा उडतो, आणि दुसऱ्या वेळी जे रक्त येतं ते काही मिनिटांत माणूस नेऊ शकतं. मधला वेळ कधी काही तासांचा असतो, कधी काही दिवसांचा. उपचार झाले नाहीत तर वाचण्याची शक्यता जवळपास नसतेच, म्हणून जे काय करायचं ते याच शांत वेळात करायचं.

क्रम साधारण असा दिसतो: आधी छातीच्या मधोमध किंवा पाठीत दोन खांद्यांच्या मधे दुखणं, गिळायला त्रास. मग लालभडक रक्ताची एखादी उलटी. मग शांतता. मग मोठा रक्तस्राव. प्रत्येकात या सगळ्या गोष्टी दिसतीलच असं नाही, कुणाला छातीत दुखतच नाही, पण दोन जरी जुळल्या तरी थांबायचं नाही.

## १. आधीची तयारी: हे कुणाच्या घरात माहीत असायलाच हवं

सगळ्यांनी घाबरून बसायची गरज नाही. पण खालच्यापैकी काही घरात असेल तर नीट वाचा.

- मागच्या दोन-तीन आठवड्यांत माशाचा काटा, चिकन-मटणाचं हाड किंवा कवळीचा तुकडा अन्ननलिकेत अडकला होता, मग तो काढलेला असो की "खाली गेला असेल" असं म्हणून सोडून दिलेला असो.
- लहान मुलाने बटन सेल गिळला होता.
- छातीतल्या एओर्टाला फुगा आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय (ॲन्युरिझम), किंवा तिथे स्टेंट ग्राफ्ट (धमनीत आतून बसवायची जाळीची नळी) बसवलाय, किंवा छाती उघडून एओर्टाचं ऑपरेशन झालंय.
- अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, शेक (रेडिएशन) घेतलाय किंवा गिळता यावं म्हणून अन्ननलिकेत स्टेंट टाकलाय.
- पेशंट बरेच आठवडे नाकातून जेवण द्यायच्या नळीवर आहे, त्यातही गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं भोक) आहे.

शेवटच्या मुद्द्याचं थोडं सविस्तर सांगते कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही. साधारण शंभरात एखाद्याला जन्मापासूनच उजव्या हाताकडे जाणारी धमनी वेगळ्या वाटेने, बहुतेकदा अन्ननलिकेच्या मागून जाते. एरवी त्याचा काही त्रास नसतो, आयुष्यभर कळतही नाही. पण अशा माणसाला नाकातून जाड नळी आठवडेच्या आठवडे राहिली की पुढून नळी आणि मागून ठोके मारणारी धमनी यांच्यात अन्ननलिकेची भिंत घासून जाते. तर आयसीयूतल्या डॉक्टरांना एकदा विचारायचं, "आधीच्या छातीच्या सीटीत उजव्या हाताची धमनी वेगळ्या वाटेने जाते असं काही लिहिलंय का, आणि नळी अजून किती दिवस लागेल, पोटावरून नळी टाकता येईल का?" हा प्रश्न विचारल्याने कुणी रागवत नाही.

आता फाइल. एका प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवायचं: शेवटच्या सीटीचा रिपोर्ट आणि सीडी, स्टेंट ग्राफ्ट असेल तर त्याचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड, रक्तगट, चालू गोळ्यांची यादी. गोळ्यांत इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठलीही असेल तर लाल पेनाने वर लिहा. आधार कार्ड आणि रेशन कार्डाची झेरॉक्स त्याच फोल्डरमध्ये, सरकारी आरोग्य योजनेत बसवायचं असेल तर रात्री दोन वाजता कपाट उपसत बसावं लागत नाही.

तपासून बघा: हे फोल्डर कुठे आहे ते घरातल्या किमान दोन माणसांना माहीत आहे का? फक्त पेशंटलाच माहीत असून उपयोग नाही.

## २. काटा किंवा हाड अडकल्यावरचे पहिले तास

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात. काटा अडकला की आजी कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावते, नाहीतर केळं, नाहीतर भाकरीचा मोठा घास. पेडवे, तारली, पाला, नाहीतर विदर्भात रोहू-कटला, काट्यांचे मासे आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय आणि भाताच्या गोळ्याने बरेचदा "बरं वाटतं" सुद्धा, कारण बरेच वेळा काटा नुसता ओरखडा काढून निघून गेलेला असतो. पण खरोखर रुतलेला असेल तर तोच गोळा त्याला भिंतीतून आणखी आत ढकलतो. आणि वरून गोळा अडकला की एन्डोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी) करणाऱ्याला आधी भात उपसावा लागतो.

क्रम असा:

१) श्वास घेता येतोय का ते बघा. बोलता येत नाही, चेहरा निळा पडतोय, हात गळ्याकडे जातोय, तर काटा अन्ननलिकेत नाही, श्वासाची वाट अडलीये. पाठीत थापा आणि पोटावर दाब, लगेच. बाकीचं सगळं नंतर.

२) श्वास ठीक असेल तर खाणं बंद. टॉर्च लावून तोंडात एकदा बघा. समोर दिसतोय आणि सहज निघतोय तर ठीक, नाहीतर बोटं घालून शोधाशोध करायची नाही, उलटी काढायची नाही, व्हिनेगर-लिंबू पाजायचं नाही.

३) कुठे टोचतंय ते विचारा. जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलला टोचत असेल तर कान-नाक-घशाचे डॉक्टर बसल्या जागी काढतात. गळ्याच्या खाचेखाली, छातीच्या मधे किंवा पाठीत टोचत असेल, थुंकी पण गिळवत नसेल, तर त्याच दिवशी, म्हणजे त्याच काही तासांत एन्डोस्कोपीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. अन्ननलिकेत अडकलेली टोकदार वस्तू शक्यतो २ तासांत आणि उशिरात उशिरा ६ तासांत काढावी असं मानतात. "उद्या रविवार आहे, सोमवारी बघू" हे इथे चालत नाही.

४) एक्स-रे नॉर्मल आला म्हणून घरी यायचं नाही. माशाचा काटा साध्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. टोचणं कायम असेल तर सीटी करायचं का ते विचारा. आणि बेरियम पाजून फोटो काढायला कुणी सांगितलं तर परत एकदा विचारा, कारण भोक असलं तर बेरियम छातीत सांडतं आणि एन्डोस्कोपीत काही दिसत नाही.

कवळी लावणाऱ्यांना मासे खाताना काटा टाळूला जाणवत नाही, त्यामुळे त्यांनी तक्रार केली की "वय झालंय, काहीतरी बोलतात" असं कधीच धरू नका. कवळी घालूनच झोपले आणि सकाळी ती दिसत नाही, हीसुद्धा इमर्जन्सी असते, तिच्या तारेचे हूक फार वाईट.

काटा निघाल्यावरही: मोठं भोक पडलं असेल तर कळतंच, पण भिंत हळूहळू कुजून रक्त येतं ते काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी. त्या काळात ताप, छातीच्या मधे दुखणं, गिळताना कळ, किंवा थुंकीत चमचाभर जरी लाल रक्त आलं तरी परत जायचं, आणि "काटा अडकला होता" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. हाड महाधमनीच्या पातळीवर अडकलं होतं असं सांगितलं असेल तर काढायच्या आधी किंवा नंतर सीटी झालाय का ते विचारून घ्या.

## ३. बटन सेल: इथे मिनिटं मोजायची

खेळणं, रिमोट, वजनकाटा, गाणं वाजणारं ग्रीटिंग कार्ड, सगळ्यात हा असतो. त्यातला २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल सगळ्यात घातक, तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. सेलमधलं काही गळून भाजतं असं लोकांना वाटतं, पण मुख्य कारण ते नसतं. सेल ओल्या भिंतीला चिकटला की करंट वाहतो आणि निगेटिव्ह बाजूला क्षार तयार होऊन मांस जळत जातं. २ तासांत गंभीर भाजू शकतं. रिमोट चालेनासा झालेला "संपलेला" सेलही पुरेसा असतो.

१) मूल सेल गिळताना कुणी पाहिलं नसतं, हे धरूनच चाला. खेळण्याचा सेल गायब आणि मूल लाळ गाळतंय, खात नाही, रडतंय, तर गिळलाय असं समजून निघा.

२) उलटी काढायची नाही, जेवण नाही, दूध नाही.

३) मूल १ वर्षाच्या वरचं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि गिळता येत असेल तर दोन छोटे चमचे मध, साधारण १० मिली, दर १० मिनिटांनी, जास्तीत जास्त ६ वेळा, हॉस्पिटलला जाता जाता. मधाने भाजण्याचा वेग थोडा कमी होतो, सेल निघत नाही. घरात मध नसेल तर दुकान शोधत थांबायचं नाही. १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

४) एक्स-रे. नाण्यासारखा गोल दिसतो म्हणून "नाणं आहे, शीतून निघेल" असं सांगून परत पाठवलेली मुलं असतात. सेलला कडेने दुहेरी कडं दिसतं, बाजूने फोटो काढला तर पायरी दिसते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "सेल असू शकतो, कडं बघाल का?"

५) काढल्यावर डिस्चार्जच्या वेळी विचारा: कुठल्या पातळीवर होता, निगेटिव्ह बाजू कुठल्या भिंतीकडे होती, एओर्टाच्या जवळ आहे का, परत स्कॅन करायचा का?

सावधान: सेल निघाला म्हणजे धोका संपला असं नाही. भाजलेलं मांस नंतरही आत खोल जात राहतं आणि मोठा रक्तस्राव काही आठवड्यांनीसुद्धा झालेला आहे. त्या काळात मुलाला काळी शी झाली, उलटीत रक्ताचा धागा दिसला, ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही.

## ४. पहिली उलटी: घरातली पहिली दहा मिनिटं

१) पेशंटला खाली झोपवा, डाव्या कुशीवर, तोंड जरा खाली. उभं करून बेसिनपर्यंत चालवत नेऊ नका, तिथेच चक्कर येऊन पडतात.

२) एकाने १०८ ला फोन लावा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच नंबर. "उलटीतून ताजं रक्त, छातीत दुखत होतं" एवढं सांगा, पत्ता सांगताना जवळची खूण सांगा.

३) तोंडाने काहीही नाही. पाणी नाही, बर्फ नाही, दूध नाही, ॲसिडिटीचं पातळ औषध नाही, हळद-तूप नाही. पुढे भूल द्यायची वेळ येणारच आहे हे धरून चाला.

४) रक्त पातळ करायच्या गोळीची वेळ झाली असेल तर ती आता देऊ नका, पाकीट बरोबर घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. पुढे बंद ठेवायची की नाही ते ते ठरवतील.

५) रक्ताचा मोबाइलवर फोटो काढा, मग पुसा. किती ते घरच्या मापात लक्षात ठेवा, एक वाटी, अर्धा तांब्या. रंग लालभडक होता की कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, गुठळ्या होत्या का, आणि वेळ. वेळ लिहूनच ठेवा, गडबडीत सगळे वेगवेगळी सांगतात. चोथ्यासारखं रक्त म्हणजे बहुतेकदा जठरातल्या ॲसिडमध्ये थोडा वेळ राहिलेलं, धमनीचं शक्यतो लालभडक येतं, पण नुसत्या रंगावरून निदान करू नका, गिळलेलं रक्त नंतर काळं होऊन पण येतं.

६) बीपीचं मशीन घरी असेल तर एकदा मोजा, नंतर परत परत मोजत बसू नका. बीपी नॉर्मल आलं म्हणून फोन कॅन्सल करायचा नाही.

सगळ्यात मोठी चूक: याच वेळी रक्त थांबतं. पेशंट म्हणतो बरं वाटतंय, तोंड धुतो, झोपायचं म्हणतो, आणि घरातलं कुणीतरी १०८ ला फोन करून "राहू द्या" म्हणतं. असे एक काका मला अजून आठवतात. ते संध्याकाळी आमच्याकडे येऊन गेले होते, वाटीभर रक्त, तपासलं तेव्हा सगळं नॉर्मल, पोटाचं इंजेक्शन देऊन पाठवलं. आठवडाभर पाठ दुखत होती हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पहाटे परत आणलं तेव्हा स्ट्रेचरवरून बेडवर घ्यायलाही वेळ मिळाला नाही. त्यानंतर मी रक्ताची उलटी झालेल्या प्रत्येकाला पाठीबद्दल आणि काट्याबद्दल विचारायला लागले.

## ५. न्यायचं कसं आणि कुठे

टूव्हीलरवर दोघांच्या मधे बसवून नाही. जिना असेल तर चालत उतरवायचं नाही, खुर्चीत बसवून किंवा चादरीत घेऊन उतरवा. ॲम्ब्युलन्सला खरंच उशीर होत असेल तर चारचाकी, मागच्या सीटवर कुशीवर, एक माणूस डोक्याशी.

कुठे नेताय त्या हॉस्पिटलमध्ये चार गोष्टी हव्यात: रात्री पण चालणारं सीटी, ब्लड बँक, एन्डोस्कोपी, आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे सर्जन, ज्यांना हॉस्पिटलात सीव्हीटीएस म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी चारही एकत्र मिळतीलच असं नाही. मोठ्या मेडिकल कॉलेजला मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून मुंबईत केईएम, पुण्यात ससून, सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशी नावं लोकांच्या तोंडात असतात. पण नाव ऐकून निघू नका, आधी फोन करून "आत्ता सीव्हीटीएसचे डॉक्टर आणि छातीतल्या एओर्टात स्टेंट घालायची सोय आहे का" हे विचारा.

पण पेशंट घामाघूम आहे, नाडी पळतेय, रक्त चालूच आहे, तर लांबच्या मोठ्या हॉस्पिटलचा हट्ट नको. जवळच्या हॉस्पिटलला आत न्या, दोन्ही हातांना जाड सुया लावून घ्या, क्रॉसमॅचला (रक्त जुळतंय का ते बघायला) रक्ताचा नमुना जाऊ दे, आणि ते होत असतानाच पुढच्या ठिकाणी फोन करायला सांगा. तिथे सोनोग्राफी, मग रक्ताच्या सगळ्या रिपोर्टची वाट, असं करत दोन तास घालवायचे नाहीत, हे घरच्यांनी नम्रपणे पण ठामपणे बोलावं.

तपासून बघा: रेफर चिठ्ठीत तीन गोष्टी लिहिल्यात का? रक्ताची वेळ आणि प्रमाण, काटा-सेल-स्टेंट-कॅन्सर यातलं काय होतं, आणि "एओर्टाशी फिस्टुलाची शंका". तिसरं लिहिलं नाही तर पुढच्या हॉस्पिटलात परत अल्सरपासून सुरुवात होते.

## ६. कॅज्युअल्टीत काय बोलायचं

गर्दीत तुम्हाला अर्धा मिनिट मिळतं. ते "कालपासून बरं नाही, जेवले नाहीत, आधी गावाला गेलेले" यात जातं. म्हणून एकानेच बोलायचं आणि या क्रमाने (सीटी अँजिओ म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी):

"रात्री ९ वाजता उलटीतून लालभडक रक्त पडलं, साधारण वाटीभर, एकदाच, आता थांबलंय. त्याआधी चार दिवस छातीच्या मधे आणि पाठीत दुखत होतं, गिळताना त्रास होता. दहा दिवसांपूर्वी माशाचा काटा अडकला होता. इकोस्प्रिन चालू आहे. एओर्टातून येत असेल का? सीटी अँजिओ करता येईल का?"

दारू पितात का, कावीळ झाली होती का हे डॉक्टर विचारणारच, त्याचं खरं उत्तर द्या. लपवलं तर त्यांचा वेळ जातो. पण पेशंट पितो म्हणून रक्त लिव्हरमुळेच असं धरलं जातंय असं वाटलं तर काट्याची किंवा स्टेंटची गोष्ट परत सांगा. फुगलेल्या नसांसाठी आणि अल्सरसाठी जी इंजेक्शनं देतात त्यांनी एओर्टातलं भोक बंद होत नाही.

## ७. तपासण्यांचा क्रम

रक्ताची उलटी म्हटली की नेहमीचा रस्ता एन्डोस्कोपी, आणि अल्सर-लिव्हरसाठी तो बरोबरच आहे. पण फिस्टुलाची खरी शंका असेल आणि पेशंट स्थिर असेल तर आधी छातीची सीटी अँजिओ. एन्डोस्कोपीत हवा भरतात, उमाळे येतात, दुर्बीण गुठळीला लागते, आणि बोळा तिथेच उडू शकतो. सीटीने एओर्टाचा फुगा, तिच्या बाजूला हवेचे बुडबुडे, भिंतीबाहेर रक्त साचून झालेली खोटी पिशवी, अडकलेलं हाड दिसतं, आणि सर्जनला स्टेंटचं माप पण मिळतं.

घरच्यांनी इथे विचारायचे प्रश्न:

- सीटी आधी करायचा की एन्डोस्कोपी, आणि तसं का?
- एन्डोस्कोपी करायचीच असेल तर ऑपरेशन थिएटरमध्ये, सर्जन आणि रक्त तयार ठेवून करता येईल का?
- नाकातून राइल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) टाकायची गरज खरंच आहे का?

क्रिएटिनिनच्या (किडनीच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी सीटी अडला असेल तर किडनीचा जुना आजार आहे की नाही ते लगेच सांगा, जीव धोक्यात असताना थांबायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात.

सावधान: सीटीत रक्त गळताना दिसलं नाही म्हणजे फिस्टुला नाही असं होत नाही. गुठळीने भोक बंद असताना काढलेल्या सीटीत गळती दिसतच नाही. आधीची हकीगत संशय वाढवणारी असेल तर "नॉर्मल" रिपोर्टवर डिस्चार्ज घेऊ नका, रात्रभर मॉनिटरवर ठेवायला सांगा. आणि एन्डोस्कोपीत ठोके पडणारा फुगवटा किंवा चिकटलेली गुठळी दिसली तर तिथे तुकडा काढायचा नसतो, हात लावायचा नसतो.

## ८. रक्त, बीपी आणि फुग्याची नळी

हा भाग पूर्ण डॉक्टरांचा, पण काय चाललंय ते समजलं तर घरचे मधे चुकीचा आग्रह धरत नाहीत.

बीपी ८०-९० वर आहे आणि सलाइन जोरात का सोडत नाहीत, असं नातेवाईक ओरडतात. मुद्दाम सोडत नसतात. पेशंट शुद्धीवर आहे, बोलतोय, तेवढं बीपी पुरतं. ते भराभर १४० ला नेलं तर गुठळी उडते. सलाइनपेक्षा रक्त हवं, म्हणून रक्ताच्या पिशव्या मागवतात, एक-दोन नाही, बऱ्याच. रक्तदाते गोळा करायला एक वेगळा माणूस नेमा, त्याने बाकी काहीही करायचं नाही.

अचानक धो-धो सुरू झालं तर अन्ननलिकेत फुगा फुगवायची नळी टाकून आतून दाबतात, सेंगस्टेकन नावाची. लिव्हरच्या पेशंटला वापरतात तीच. ही तात्पुरती असते, थिएटरपर्यंत पोचायला वेळ मिळावा म्हणून. फुगवल्यावर रक्त थांबलं की परत तोच मोह, "थांबलं, बघू उद्या." नाही, फुगा लागला म्हणजे लगेच पुढची पायरी.

## ९. सही करण्याआधी

रक्तस्राव थांबवायचे दोन रस्ते. एक, जांघेतल्या धमनीतून तार वर नेऊन एओर्टात आतून स्टेंट ग्राफ्ट बसवायचा, हॉस्पिटलात टीव्हार म्हणतात. छाती उघडावी लागत नाही, लवकर होतं, म्हणून कोसळत चाललेल्या पेशंटला बहुतेकदा हाच. दोन, छाती उघडून एओर्टाचा तो भाग बदलायचा.

घरच्यांचा गैरसमज इथे होतो, स्टेंट बसला, रक्त थांबलं, म्हणजे झालं. पण अन्ननलिकेतलं भोक तसंच आहे! तोंडातले सगळे जंतू त्या भोकातून थेट नवीन ग्राफ्टवर जातात. तिथे इन्फेक्शन झालं की परत तोच आजार. म्हणून जमेल त्या पेशंटला दुसरा टप्पा असतो, छातीतला कुजका भाग धुऊन काढणं, अन्ननलिका शिवणं किंवा काढून टाकणं. अन्ननलिका काढली तर लाळेसाठी मानेवर तोंड करतात, जेवण पोटावरच्या नळीतून, आणि काही महिन्यांनी जठर किंवा मोठ्या आतड्याचा भाग वर ओढून जोडतात.

म्हणून सही करताना एवढं विचारा: हा शेवटचा उपचार आहे की पुढच्या टप्प्यापर्यंतचा पूल? दुसरा टप्पा कधी, कोण करणार, इथेच की दुसरीकडे? खाणं किती दिवस बंद? ग्राफ्टचा खर्च योजनेत बसतो का? खर्चाचा प्रश्न लाजून मागे ठेवू नका, पण पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत सही अडवूनही ठेवू नका. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) त्याच वेळी बोलवा.

कॅन्सर पुढे गेलेल्या पेशंटबद्दल वेगळं लिहायला हवं. तिथे हे ऑपरेशन करून उपयोग नसतो असं डॉक्टर सांगू शकतात, आणि ते खरं असू शकतं. अशा घरांनी आधीच, शांत वेळी, पॅलिएटिव्ह टीमशी (शेवटच्या आजारात त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सशी) बोलून ठेवावं. रक्त आलं तर हॉस्पिटलला यायचं की घरीच राहायचं, झोपेचं-घबराटीचं औषध कोण देणार. गडद रंगाचे टॉवेल बेडजवळ ठेवायला सांगतात, त्यावर रक्त कमी दिसतं, पेशंट आणि पोरं कमी घाबरतात. आणि एकाने हात धरून बसायचं, खोलीतून पळून जायचं नाही. हे लिहायलाही जड जातंय, पण माहीत असलेली घरं त्या वेळी जास्त धीराने उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

## १०. घरी आल्यावर

अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने चालतात. ताप गेला म्हणून बंद करायची नाहीत, ही चूक फार होते. नळीतून जेवण चालू असेल तर प्रेमाने तोंडात पेजेचा घोटही द्यायचा नाही, डॉक्टरांनी भोक बुजल्याचं तपासून "चालेल" म्हणेपर्यंत. नळी दर फीडनंतर कोमट पाण्याने धुवायची, निघाली तर स्वतः परत घालायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला जायचं.

रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहा, आठवड्याला वजन. बारीक ताप, वजन उतरणं, पाठ दुखणं, हे ग्राफ्टला इन्फेक्शन असल्याचं पहिलं लक्षण असू शकतं आणि ते महिन्यांनी किंवा वर्षांनीही येतं. एओर्टात स्टेंट ग्राफ्ट असलेल्या कुणालाही असं झालं तर "व्हायरल असेल" म्हणून आठवडा घालवू नका, ज्यांनी ग्राफ्ट घातला त्यांना दाखवा आणि सीटी कधी करायचा ते विचारा.

थुंकीत लाल रक्त दिसलं, एक चमचा जरी, तरी परत चौथ्या पायरीपासून सुरू करायचं. ते फोल्डर दाराजवळच्या खिळ्यालाच टांगून ठेवा.